कोब्याखालचे चार इंच

क्लबाच्या ठरावाच्या कागदावर मुळात सात सह्यांच्या जागा होत्या. त्यातले दोघे सभासद वारले होते. सोळा वर्षांत त्यांनी एकदाही कुरबूर केली नव्हती, त्यामुळे कमिटीतले सगळ्यांत समंजस सभासद तेच, असं निशाचं मत होतं. ते मत ती मनातच ठेवी. तेरा वर्षं या घरात सून म्हणून काढल्यावर कोणतं मत मनात ठेवायचं आणि कोणतं भाकरीबरोबर ताटात वाढायचं, हे तिला कळू लागलं होतं.

वकिलानं सांगितलं होतं, पाच सह्या चालतील, पण मग पाचही पाहिजेत. सासरे बाळासो, सासूबाई शेवंताबाई, नवरा प्रसेनजीत, नणंद दीक्षा आणि गावातला कृष्णात, असे ते पाच. चौघं उठल्या-बसल्या दिसणारी. दीक्षा तेवढी गडहिंग्लजकडच्या उपकेंद्रात नर्स. ती सकाळच्या पहिल्या एसटीनं आली ती हातात पर्स घेऊन. पिशवी नाही. निशानं चहा ठेवतानाच ओळखलं, की बाई मुक्कामाला आलेली नाही, सही करून संध्याकाळची गाडी धरणार.

तारीख आठ एप्रिल दोन हजार सात, रविवार. येत्या शनिवारी चौदा तारीख. दरवर्षी जयंतीला 'सम्राट बास्केटबॉल क्लब'ची स्पर्धा असायची, यंदा स्पर्धेच्या मांडवातच क्लब कंपनीच्या हवाली होणार होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीला पगारी टीम उभी करायची होती. क्लबातली सहा पोरं तिथं खेळण्याच्याच नोकरीवर लागणार होती आणि शाळेत पीटी शिकवून कंटाळलेला प्रसेनजीत त्यांचा कोच होणार होता. बदल्यात कंपनीला क्लबाचं नाव पाहिजे होतं आणि क्लबाचा इतिहास. इतिहास बारा पानी, रंगीत मुखपृष्ठाचा.

तो लिहायचं काम निशाकडं आलं, कारण घरात तिचंच अक्षर वाचता येत होतं. एम.ए.चा या घराला झालेला हा पहिला उपयोग.

सगळे सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, बसले. बाळासो खुर्चीत, दाराकडं तोंड करून, म्हणजे समोरचं ग्राउंड दिसावं. कृष्णात उंबऱ्याजवळ. तो पाटलांच्या भावकीतला, ऊसवाला. वस्तीच्या क्लबात खेळायला आलेला गावातला पहिला माणूस, आणि आता गुडघे गेल्यावर टाइमकीपर. प्रसेनजीत उभाच होता. उभं राहून बोललं की आपलं ऐकतात, ही शिक्षकाची समजूत. शेवंताबाई लसूण सोलत होत्या. दीक्षा आईच्या शेजारी न बसता खिडकीखाली बसली, हे निशानं पाहिलं, आणि वहीचं पहिलं पान उघडलं.

तिनं वाचलं ते थोडक्यात असं. एक्क्याण्णव साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात क्लब निघाला. बाळासो तेव्हा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. डबा खायच्या सुट्टीत ते शेजारच्या कॉलेजच्या कुंपणाला टेकून पोरांचा खेळ बघत. फुटबॉलला कोल्हापुरात पेठा होत्या, कुस्तीला तालमी होत्या, आणि प्रत्येक तालमीच्या दारात कुणाचा तरी आजा बसलेला होता. ह्या खेळाच्या दारात कुणीच बसलेलं नव्हतं. ज्या खेळाला आपल्या भागात मालक नाही, तो आपला, एवढा हिशेब करून त्यांनी तो वस्तीत आणला. मोडीतल्या गाडीच्या चासीच्या लोखंडाचे दोन खांब केले. समाजमंदिराशेजारच्या मातीवर ते रोवले आणि रिंग जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर बसवली. वर्कशॉपच्या टेपनं तीन वेळा मोजून.

"चार येळा," बाळासो म्हणाले.

निशानं तीनचं चार केलं.

मग त्र्याण्णव साल. आमदार निधीतून ग्राउंडवर सिमेंटचा कोबा झाला. मातीत पडून गुडघे फुटायचे थांबले. तिथून पुढं घरच्या ग्राउंडवर क्लब सहसा हरेना. चौदा वर्षांत घरच्या मैदानावर एकोणसाठ सामने आणि त्यातल्या चोपन्नांत विजय. सांगलीहून, मिरजेहून, इचलकरंजीहून भारी बूट घालून आलेल्या टीमा माना खाली घालून गेल्या. जयसिंगपूरच्या व्यापाऱ्यांनी ढाल दिली. कंपनीच्या साहेबाला हेच पान सगळ्यांत आवडलं होतं. त्यानं मथळाही सुचवला होता, 'अजिंक्य अंगण'.

बाहेरगावच्या सामन्यांचं पान छोटं होतं. एकाहत्तर सामने, अकरा विजय. एवढं का हरलो, ते क्लबात कुणालाही विचारलं तर तोंडपाठ होतं. साताऱ्याला जेवण बाधलं, सोलापूरला ऊन, पुण्याला फरशी गुळगुळीत, कराडला पंच आतल्या गाठीचा. प्रत्येक हरण्याला वेगळं कारण होतं आणि कारणं कधी कमी पडली नाहीत.

निशानं पान उलटलं आणि तिचा आवाज जरा खाली गेला. हे पान सासऱ्यांनी शब्दन्‌शब्द सांगून लिहवून घेतलं होतं. शहाण्णव साली क्लबाची सर्वोत्तम नेमबाज कुमारी दीक्षा हिची खेळाडूंच्या राखीव जागेवरच्या सरकारी नोकरीसाठी पुण्यात चाचणी झाली. परंतु मोठ्या मैदानाच्या भीतीमुळे तिला यश आले नाही.

"'भीतीमुळे' च्या जागी 'दडपणामुळे' केलं तर?" निशानं विचारलं. सासऱ्यांना विचारलं, पण बघितलं नणंदेकडं.

"जे झालं ते ऱ्हाऊ दे," बाळासो म्हणाले.

 दीक्षाला ते वाक्य नवीन नव्हतं. त्या घरात 'भ्यालीस' हा शब्द तिच्या नावावर अकरा वर्षं चालला होता. नर्सिंगला जाताना रडली तेव्हा, पहिलं स्थळ नाकारलं तेव्हा, स्कूटी शिकायला नको म्हणाली तेव्हा, दर वेळी आण्णांनी, म्हणजे बाळासोंनी, तोच शब्द काढला होता, आणि चांगल्या मनानं काढला होता. पुढं पुढं तीही बाळंतपणाची अवघड केस आली की मनात आधी तोच शब्द ऐकायची आणि मग हातमोजे चढवायची. सतरा गावांत ती हिमतीची बाई म्हणून माहीत होती. हे तिचं तिलाच खरं वाटत नव्हतं.

प्रसेनजीत खाकरला. अजून एक बारकी गोष्ट आहे, तो म्हणाला. त्यानं 'बारकी' म्हटल्याबरोबर निशानं पेन बंद केलं.

काल कंपनीचा माणूस ग्राउंड मोजायला आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला पोहे दिले होते. त्यानं लांबी-रुंदी घेतली, रेघा तपासल्या, चांगलं म्हणाला. शेवटी रिंगला टेप लावली. मग दुसऱ्या रिंगला लावली. मग प्रसेनजीतला बाजूला बोलावलं.

"दोन्ही रिंगा नऊ फूट आठ इंचावर हायती," प्रसेनजीत म्हणाला. "कोबा चार इंचाचा झाला. जमीन वर आली, खांब हुतं तितंच ऱ्हायलं. आपुन रिंग मातीवरनं मोजली हुती. कोब्यावरनं परत कुणी मोजलीच न्हाय."

कृष्णातनं आधी मान हलवली, मग थांबवली. त्याचं शेतकऱ्याचं डोकं हळू चाले पण सरळ चाले. त्यानं एकोणसाठ सामने आठवले. मग एकाहत्तर आठवले. मग साताऱ्याचं जेवण आठवलं, ज्यात खरं तर काही वाईट नव्हतं, त्यानं दोनदा वाढून घेतलं होतं.

"म्हंजे आपली पोरं चौदा वर्सं बुटक्या रिंगवर शिकली," तो म्हणाला. "आनि भाईर गेल्यावर..."

"भाईर गेल्यावर काय, ते कशाला काढायचं आता?" प्रसेनजीत घाईनं म्हणाला. त्याचा विचार तयार होता. आज चार माणसं लावून दोन्ही बोर्ड चार इंच वर घ्यायचे. कंपनीचा माणूस भला आहे, तो गप्प बसेल. चौदा तारखेला रिंग दहा फुटांवर, इतिहास आहे तसा, सह्या, हार. साहेबानं 'अजिंक्य अंगण' विकत घेतलं होतं. ते बुटकं होतं हे छापून आलं, तर तो अंगण घेईल का? आणि सहा पोरांनी आधीच घरी पेढे वाटले होते.

हे सगळं खरं होतं. प्रसेनजीत खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो फक्त खऱ्यातलं सोयीचं आधी बोलायचा.

बाळासो दाराबाहेर बघत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, की असंल, कोबा करणाऱ्या ठेकेदारानं जाड घातला असंल, कुणाला ठावं.

दीक्षा उठून दाराशी गेली. रिंग तिला लहानपणापासून पाठ होती. डोळे मिटून ती खांबाच्या डाव्या अंगाचा डाग सांगू शकत होती. दोन हजार पाचच्या महापुरात त्याच खांबावर गाळाची रेघ उठली होती, आणि पाणी किती चढलं हे सगळी वस्ती त्या रिंगपासून मोजत होती. रिंगखाली साडेसात फूट, म्हणजे पाणी अडीच फूट. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यानंही तसंच मोजून लिहून नेलं. म्हणजे तेही चुकलेलं. हसायला यायला पाहिजे होतं.

"कमी पडत हुतं," ती म्हणाली.

ती रिंगकडं पाठ करून वळली.

"पुन्यात. धा टाकलं, दोन पडलं. हितं धातलं नऊ पडायचं. समदं बॉल रिंगच्या फुडच्या कडंला लागत हुतं, आण्णा. मी आल्याआल्या तुमास्नी सांगितलंतं. कमी पडाय लागलंय, म्हनलंतं. तुमी म्हनला, भ्यालीस."

त्या दिवशीचं बाकीचं तिनं कधी सांगितलं नव्हतं. पुण्याच्या त्या मैदानावर तिनं 'मी आलो', 'मी खेळतो' म्हटलं, तेव्हा बाकावरच्या मुली फिसकन हसल्या होत्या. आमच्या भागात बाया असंच बोलतात, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि दर चेंडू कडेवर आपटून परत आला तसं तिलाही वाटत गेलं, की खेळणारा आपल्यातला जो कुणी होता तो गावाकडंच राहिला. ते अंतर चार इंचांचं होतं हे तिला कळायला अकरा वर्षं आणि एक टेप लागली.

तिनं सरळ सांगितलं. ते वाक्य इतिहासातून जायला पाहिजे, आणि का जातंय तेही तिथंच लिहायला पाहिजे. तोवर सही नाही.

मग दोन तास जे झालं ते कुणीही बाहेरून ऐकलं असतं तर त्याला हे जमिनीचं भांडण वाटलं असतं. प्रसेनजीतनं बहिणीला समजावलं, की एका वाक्यासाठी सहा घरं कशाला उठवतेस. दीक्षा म्हणाली, एका वाक्यानंच तर मला उठवलं होतं. कृष्णात आधी प्रसेनजीतकडं होता. क्लबाची लाज ती त्याचीही लाज होती. भावकीनं त्याला 'वस्तीत नाचायला जातोस' म्हणून हिणवलं, तेव्हा त्यानं त्या चोपन्न विजयांवरच तोंडं बंद केली होती. आता ते विजयच चार इंच खाली आले तर तो कुणाला काय दाखवणार? पण तासाभरानं त्याला दम लागला. पोरगीचं खरं हाय, तो म्हणाला, आणि उंबऱ्यावरून उठून तिच्या बाजूच्या भिंतीला जाऊन टेकला. सोप्यातल्या सोप्यात त्यानं पक्ष बदलला तो असा.

खरा धक्का निशानं दिला. नणंद-भावजयीचं फार कधी जमलं नव्हतं. दीक्षाच्या लग्नातल्या एका नऊवारीवरून दोघींत जे थंड पडलं होतं ते थंडच होतं. पण निशानं वही मांडीवर घेतली, पेन उघडलं आणि 'मोठ्या मैदानाच्या भीतीमुळे' या शब्दांवरून एक सरळ रेघ ओढली.

"निशा," प्रसेनजीत म्हणाला.

"छापायचं का न्हाय ते तुमच्या सायबानं ठरवावं," ती म्हणाली. "लिवनारी मी हाय. खोटं लिवायचं असतं तर तुमच्याच अक्षरात लिवायचं हुतं."

प्रसेनजीत बसला. उभं राहिलं की ऐकतात, ही समजूत त्या दिवशी संपली. त्याला राग बायकोचा आला नव्हता, कशाचाच आला नव्हता. त्याला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. पोरांना बाहेरगावी नेऊन हरवून आणायची चौदा वर्षं त्याच्या अंगावर आली. प्रत्येक वेळी गाडीत त्यानं पोरांना सांगितलं होतं, तुम्ही मनानं हरता. त्यानं तो शब्द वापरला नव्हता, एवढंच.

"पर चूकच हाय न्हवं ती," तो शेवटी म्हणाला. "आण्णास्नी तरी काय ठावं? ठावं असतं तर त्यांनी वर केली नसती व्हय?"

शेवंताबाईंचा लसूण सोलून झाला होता. त्यांनी सालं गोळा केली, मुठीत धरली आणि तशाच बसून राहिल्या.

"टेपचं टोक मी धरलंतं," त्या म्हणाल्या.

बाळासोंनी दारावरची नजर काढली.

"पोरगी पुन्यासनं आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. फटफटायलाबी न्हवतं. मला उठीवलं आनि म्हनलं चल. हे शिडीवर, मी खाली. टोक खांबाच्या बुडाला दाबून धर म्हनलं. मी धरलं. आकडा ह्यांनी वाचला. मी इचारलं, किती? तर म्हनलं, बरोबर हाय." शेवंताबाईंनी मूठ उघडली, सालं बघितली, परत मिटली. "मला आकडं कुठं वाचाय येत्यात. पर बरोबर असतं तर मानूस दोन दिस उपाशी ऱ्हातंय का? मला कळलंतं. काय कळलं ते सांगाय येत न्हवतं, पर कळलंतं. मीबी गप बसलो."

 बाहेर कोब्यावर सरावाला लवकर आलेली दोन पोरं चेंडू आपटत होती. तो आवाज घरात सोळा वर्षं होता, त्यामुळे एरवी कुणाला ऐकू यायचा नाही. आत्ता यायला लागला.

बाळासोंना बोलायला पाहिजे होतं. त्यांच्याकडं सगळं होतं, फक्त ते तोंडात आणायची सवय नव्हती. त्या पहाटे टेपवर नऊ फूट आठ इंच वाचले तेव्हा त्यांना आधी पोरगी आठवली, हे खरं होतं. त्याच दिवशी वर्कशॉपमधून ड्रिल मागून आणलं होतं, हेही खरं होतं. पण स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. बारा टीमांना पत्रं गेली होती. रिंग वर केली असती तर का केली, हे सगळ्या तालुक्यानं विचारलं असतं, आणि मागची तीन वर्षं ज्यांनी माना खाली घातल्या होत्या त्यांनी त्या वर केल्या असत्या. ह्या वस्तीतली पोरं बुटक्या रिंगवर जिंकतात, असं चावडीवर बोललं गेलं असतं. ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती. जयंती होऊ दे, मग करू, असं त्यांनी ठरवलं. जयंती झाली. जूनमध्ये पोरगी नर्सिंगला गेली. मग पुढची जयंती आली. दर तेरा एप्रिलला ते रिंगला नारिंगी रंग द्यायला शिडीवर चढत, खिशात पाना घेऊन, आणि रंग देऊन उतरत. रंगाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वस्तीला वाटे, मिस्त्रींचा जीव आहे रिंगवर.

यातलं काही न बोलता ते नुसते बसून राहिले. दीक्षानं थोडा वेळ वाट बघितली. बाळंतिणीजवळ बसून बसून तिला वाट बघायची सवय झाली होती, आणि कुठं वाट बघून उपयोग नाही हेही कळत होतं. ती पुढं झाली. ठरावाचा कागद तिनं भावाच्या हातातून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून सही केली.

"अगं, पर..." प्रसेनजीत म्हणाला.

"सा पोरांचं पोट हाय त्यावर," ती म्हणाली. "माझं क्लबाशी काय न्हाय, दादा. वैनी, तुमीबी काय लिवायचं ते लिवा. मी साडेपाचच्या गाडीनं जातो."

आता कुणाला तिच्याकडून काही नको होतं आणि तिला कुणाकडून. भांडण असं संपलं की घर मोकळं होत नाही, रिकामं होतं. निशा चहाला उठली. तिला त्या रिकाम्यात बसवेना.

बाळासो खुर्चीतून उठले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शिडी सरकल्याचा आवाज झाला तेव्हा सगळे बाहेर आले. सदुसष्ट वर्षांचा माणूस खांबाला शिडी लावत होता, एका हातात पाना आणि दुसऱ्यात रॉकेलची बाटली.

कृष्णातनं त्यांच्या हातून पाना घेतला. तुमी खाली ऱ्हावा मिस्त्री, तो म्हणाला, आणि गेलेल्या गुडघ्यांसह वर चढला. बोर्डाची चौकट खांबाला चार बोल्टांवर होती. बोल्ट गंजून खांबाचेच झाले होते. रॉकेल घातलं, ठोकलं, वाट बघितली. खेळणाऱ्या दोघांनी खालून दोर धरला. प्रसेनजीत शर्ट काढून दुसऱ्या शिडीवर चढला. चौकट वर घ्यायची म्हणजे खांबाला चार इंच वर नवीन भोकं पाडावी लागणार होती आणि त्यासाठी जयसिंगपूरहून ड्रिलवाला आणायला पाहिजे होता. रविवारी कोण येणार, असं प्रसेनजीत म्हणत होता.

कृष्णात मापासाठी खांबावर बोट फिरवत होता. त्याचं बोट एका जागी थांबलं. त्यानं पान्याच्या टोकानं रंग खरवडला. नारिंगी निघाला, त्याखाली नारिंगी, त्याखाली परत नारिंगी. मग टोक आत गेलं.

"मिस्त्री," तो वरून म्हणाला, "हितं भोकं हायती की आदीच."

चारही होती. बरोबर चार इंच वर, एका रेषेत, फिटरच्या हातची, कडा घासून गुळगुळीत केलेली. आत मेण भरून वर रंग दिलेला. अकरा वर्षांचे अकरा थर.

दुसऱ्या खांबावरचा रंग खरवडला, तिथंही तशीच चार निघाली. बोल्ट त्या भोकांत असे बसले, की जणू रोज काढून घालायचे.

काम झालं तेव्हा पाच वाजत आले होते. कृष्णातनं टेप सोडली. खालचं टोक धरायला शेवंताबाई आपणहून पुढं आल्या आणि कोब्यावर बसून त्यांनी ते दाबून धरलं. कृष्णातनं आकडा मोठ्यानं वाचला. दहा फूट. मग त्यानं तो परत वाचला, शेवंताबाईंकडं बघून. प्रसेनजीतनं दीक्षाला म्हटलं, टाकतीस का एक? ती नको म्हणाली. लशीचा डबा वाहून वाहून तिचा उजवा खांदा उचलत नव्हता. तिनं घड्याळ बघितलं.

चेंडू बाळासोंच्या पायाशी येऊन थांबला होता. त्यांनी तो उचलला. सोळा वर्षांत त्यांना कुणी चेंडू टाकताना बघितलं नव्हतं. ते खांब करत, रंग देत, पाणी पाजत, पंचांशी भांडत. चेंडू त्यांच्या हातात परका दिसत होता. ते फ्री थ्रोच्या रेघेवर जाऊन उभे राहिले, चपला काढून. दोन्ही हातांनी, पोटापासून, त्यांनी चेंडू वर फेकला.

तो रिंगच्या पुढच्या कडेला लागला आणि त्यांच्याच पायाशी परत आला.

दीक्षा पर्स खांद्याला लावून उभी होती. बाळासोंनी तिच्याकडं बघितलं नाही. ते रिंगकडं बघत होते.

"भ्यालो," ते म्हणाले.

निशाच्या हातात वही होती. तिनं ती उघडली, आणि लिहिलं नाही. इथं लिहायचं ते बोलून झालं होतं.

साडेपाचची गाडी फाट्यावर येऊन हॉर्न देऊन गेली. दीक्षानं तो ऐकला. तिनं पर्स आईकडं दिली, वाकून चेंडू उचलला, डाव्या हातानं दोनदा कोब्यावर आपटून बघितला आणि बापाच्या हातात दिला.

"गुडघं वाकवा, आण्णा," ती म्हणाली. "हातानं टाकत न्हाईत. गुडघ्यातनं टाकायचं असतंय."